धावा, पण ऊन पाहून!

परवा एक पालक आपल्या शाळकरी मुलाला घेऊन दवाखान्यात आले. भर दुपारी लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो भोवळ येऊन पडला होता. ‘‘डॉक्टर, धावणं तर पूर्वापार चालत आलंय. मग याला काय झालं?’’ वडिलांनी विचारले.

मैदानी स्पर्धांचे मुख्य प्रकार तीन : धावणे, उडी आणि फेक. तिन्हींचे मूळ प्राचीन ग्रीसमध्ये सापडते. इ. स. पूर्व ७७६ हे ऑलिंपियातील स्पर्धांचे आरंभवर्ष मानतात. तेव्हा तिथे सुमारे १९२ मीटरची एकच शर्यत होती. लांब उडी, थाळीफेक, भालाफेक पुढे आल्या. मॅरेथॉन मात्र त्यांत नव्हतीच! फ्रेंच विद्वान मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून ती १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुरू झाली. १९१२ मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो ही शर्यत धावताना उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला.

शंभर मीटरची धाव काही सेकंदांत संपते. लांब शर्यतीत शरीर तापतच राहते आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. म्हणून सकाळी लवकर धावावे, अंतर हळूहळू वाढवावे, पाणी प्यावे. धावताना कुणी कोसळल्यास त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

तो मुलगा आता बरा आहे. धावणे सोडू नकोस, दुपार सोड, एवढेच मी त्याला सांगितले.