दुसऱ्याचा गैरसमज बालकास केव्हा उमगतो?

सुश्रुताचार्यांनी आहारभेदाने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन वर्षांनंतरच्या अन्नाद अवस्थेत बालकाच्या मनात घडणाऱ्या एका बदलाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वस्तुस्थिती एक आणि दुसऱ्याची समजूत निराळी असू शकते, हे बालकास केव्हा कळते?

१९८३ साली हाइन्झ विमर व जोसेफ पेर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या अपरोक्ष आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परतल्यावर मॅक्सी ते कोठे शोधील? तीन वर्षांची मुले बहुधा नवे कपाट दाखवितात. आपणांस जे ठाऊक आहे ते मॅक्सीलाही ठाऊक असणार, असे ती धरून चालतात. चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलते. वेलमन व सहकाऱ्यांनी २००१ साली १७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा देशोदेशी वय थोडे पुढेमागे झाले तरी विकासाची दिशा एकच आढळली. पंधरा महिन्यांच्या बालकांच्या नजरेतही या जाणिवेची चाहूल दिसते, असे २००५ च्या एका प्रयोगात म्हटले होते. परंतु पुढील पडताळण्यांत तसे निष्कर्ष सातत्याने मिळाले नाहीत.

चिकित्सकांच्या दृष्टीने पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी अशीच चाचणी घेतली, तेव्हा २० स्वमग्न मुलांपैकी १६ चुकली. डाऊन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी मात्र बरोबर उत्तर दिले. म्हणजे हा केवळ बुद्ध्यंकाचा प्रश्न नव्हे. ऐकू येणाऱ्या घरात जन्मलेल्या कर्णबधिर मुलांना ही समज उशिरा येते. मात्र आईवडीलच कर्णबधिर असून घरात जन्मापासून खुणांची भाषा असल्यास असा विलंब सहसा होत नाही. मनातील गोष्टींविषयीचा संवाद हेच या समजेचे पोषण होय.

यावरून आम्हांस तीन सूचना कराव्याशा वाटतात.

१. 'काय होते ते डॉक्टरांना ठाऊकच आहे' या समजुतीने तीन वर्षांचे मूल गप्प राहू शकते. त्यास हट्टी ठरवू नये. नेमके, साधे प्रश्न विचारावेत.

२. गुटी-वटी खाऊच्या डब्यात ठेवू नयेत, हे औषधविक्रेत्यांनी पालकांना आवर्जून सांगावे. डब्यात औषध आहे हे पाहिलेले मूल, धाकट्या भावंडासही ते ठाऊक असेल असे मानून त्यास सावध करणार नाही.

३. पाच वर्षांनंतरही अशी समज दिसत नसेल व बोलण्यात किंवा मिसळण्यात अडचण असेल, तर प्रथम श्रवणतपासणी करवून घ्यावी व बालविकासतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मात्र केवळ एका गोष्टीच्या उत्तरावरून निदान करू नये.

'मोठा झाला की कळेल' हे आश्वासन बहुतेक मुलांबाबत खरे ठरते. ज्या थोड्यांबाबत ते खरे ठरत नाही, त्यांची वर्षे वाया जाऊ न देणे हे कौमारभृत्याचे कर्तव्य आहे.