‘पडीक’ माळ आणि माळढोक

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर अंतरावर पॅसिफिक महासागरात गॅलापागोस हा द्वीपसमूह आहे. पेट्रेल कुळातील एक समुद्रपक्षी केवळ याच बेटांवर वीण करतो. मादी जमिनीतील बिळात एकच अंडे घालते. माणसाबरोबर आलेल्या उंदीर, डुकरे व कुत्री यांनी ही बिळे उद्ध्वस्त केली आणि पक्षी नामशेष होण्याच्या वाटेवर आला.

म्हसवडपासून समुद्र दूर आहे. तथापि हा धडा माणदेशासही लागू पडतो. चहूबाजूंस शेते, रस्ते व वस्त्या आणि मध्ये उरलेला गवताचा पट्टा, असे माळरान हेही एक बेटच होय. अशा बेटांचा रहिवासी म्हणजे माळढोक. याचीही मादी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. जनावरांच्या पायाखाली वा कुत्र्याच्या तोंडी ते गेले की त्या हंगामाची आशा संपते.

म्हसवडच्या पूर्वेस लागणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नज परिसरात, १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झाले. परंतु माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. समोरचे कमी दिसणारा हा वजनदार पक्षी तारांवर आदळून मरतो. १९६९ च्या सुमारास भारतात १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेच्या आसपास असून बहुतांश राजस्थानात आहेत. २०११ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून त्याच्या कृत्रिम पैदाशीचा प्रयत्न चालू आहे. परंतु वाढविलेली पिले सोडण्यास माळ उरला पाहिजे.

दप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन वस्तुतः पडून नसते. तिच्यावरील कुसळी, पवन्या व मारवेल यांवर मेंढरे जगतात, माती धरून राहते. धाविक, चंडोल व खोकड यांचा तेथे वास असतो. अशा गवताळ जमिनीवर सरसकट वृक्षलागवड करणे सद्हेतूने केलेले नुकसानच ठरते. यास्तव लागवडीचा ठराव करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी तो माळ एकदा पायी फिरून पाहावा, आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी तेथील पक्ष्यांची टिपणे करवून घेऊन ती गावच्या जैवविविधता नोंदवहीत उतरवावीत. नोंद झालेल्या माळास ‘पडीक’ म्हणणे मग सोपे राहणार नाही.