सिद्दीचा वेढा कोणी घालायचा?

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरात पेठापेठांतून पोती, विटा आणि मातीची पळवापळवी सुरू होते. कुणाच्या बांधकामावरची वाळू रातोरात कमी होते आणि मालकही त्या आठवड्यात फारसं मनावर घेत नाही. गंगावेशीत, शाहूपुरीत कुंभारांच्या दारांत मावळे रांगेनं वाळत असतात. हे तुम्हाला मी काय सांगायचं! तुम्हीही लहानपणी कोपरापर्यंत चिखल माखून घेतला असेल. मला बोलायचंय ते आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या हातांबद्दल. किल्ला दिसला की ते फार शिवशिवतात.

किल्ला स्पर्धांना परीक्षक म्हणून फिरताना एक चित्र नेहमी दिसतं. धबधब्याला मोटर, बुरजांवर एलईडीच्या माळा, थर्माकोल कातून केलेला सुबक तट आणि शेजारी घामाघूम झालेले बाबा. पोरगं पायरीवर मोबाइल घेऊन बसलेलं. ‘बाळा, हा दरवाजा इथंच का ठेवलास?’ असं विचारलं की ते बाबांच्या तोंडाकडं बघतं. बाबा उत्तर देतात. चांगलं देतात, पण मी बाबांना गुण द्यायला आलेली नसते.

म्हणून यंदा माझं एक ऐका. नुसता किल्ला नको, मुलांना एक लढाई मांडू द्या. आणि ती लांब शोधायला नको, पन्हाळा आपल्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान मारला गेला आणि महिना संपायच्या आत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला, तो पाऊस सुरू झाला तरी ढिला पडेना. १२ जुलैच्या रात्री महाराज निवडक माणसं घेऊन निसटले आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी आणि बांदलांच्या माणसांनी सिद्दी मसूदला थोपवून धरलं. गोष्ट पोरांना पाठ असते. पण पाठ असलेली गोष्ट जमिनीवर मांडायला घेतली की तिच्यातली भोकं दिसायला लागतात, आणि खरी मजा तिथंच आहे.

पहिलं भोक आकाराचं. बाजारातला मावळा साधारण वीतभराच्या निम्मा, दहा सेंटिमीटरचा धरा. साडेपाच फुटी माणूस दहा सेंटिमीटरचा झाला, तर आजूबाजूच्या सपाटीपासून चारशे मीटर उंच असलेला पन्हाळा केवढा व्हायला हवा? वही-पेन्सिल मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. उत्तर चोवीस मीटरच्या आसपास येतं, म्हणजे आठ मजली इमारत. सात किलोमीटरचा तट सव्वाचारशे मीटर भरतो. विशाळगड साठ किलोमीटरवर, तो साडेतीन किलोमीटर लांब जाऊन बसतो. पोरगं हसतं, मग विचारात पडतं. डोंगराला एक माप आणि माणसांना दुसरं लावल्याशिवाय हे अंगणात बसणारच नाही, हे त्याचं त्याला कळतं. नकाशा म्हणजे काय, हे वर्गातल्या तासापेक्षा इथं चटकन समजतं.

दुसरं भोक आकड्यांचं. महाराजांबरोबर सुमारे सहाशे माणसं होती, खिंडीत त्यातली तीनशे थांबली असं सांगतात. तीनशे मावळे विकत आणायचे तर बोनस तिथंच संपेल. तेव्हा एक बाहुलं म्हणजे दहा माणसं असं ठरवून टाका. खिंडीत तीस बाहुली पुरतात. आता दोन्ही बाजूंना विटांच्या उंच भिंती रचून मधे दोनच बाहुली शेजारी मावतील एवढी फट ठेवायला सांगा, आणि पलीकडून मसूदची माणसं आत घुसवून बघायला सांगा. मागची सगळी फौज ताटकळते, लढायला मिळतं ते पुढच्या दोघांनाच. थोड्या माणसांनी एवढी फौज कशी अडवली, हे माझ्या एका शेजाऱ्याच्या चौथीतल्या मुलीनं विटा इकडंतिकडं करत शोधून काढलं. ‘काकू, खिंड पण लढत होती की!’ असं म्हणाली ती.

तिसऱ्या भोकात मात्र आपण मोठेच अडखळतो. अफजलखानवधाचा देखावा सोडला, तर समोरचं सैन्य बाजारात फारसं मिळत नाही. मावळे पोत्यानं, शत्रू नाही. मग सिद्दीचा वेढा घालायचा कोणी? मुलांनाच शाडू किंवा लाल माती मळून माणसं घडवावी लागतात. घडवायची म्हटली की प्रश्न आलेच: यांचे कपडे कसे, पागोटं कसं, ही माणसं होती कोण? इथं कृपा करून घाईनं ‘सगळे वाईट लोक’ म्हणून मोकळे होऊ नका. सिद्दी जौहर हबशी, कर्नूलचा सरदार, आदिलशाहीच्या चाकरीत. पण वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धडपडले ते सिद्दी हिलालही हबशीच, आणि त्या लढाईत त्यांचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. उलट विशाळगडाला मोर्चे लावून बसलेले सुर्वे आणि दळवी मराठे होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले होते, त्याचा हिशेब महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरात चुकता केला. म्हणजे बाहुल्यांना रंग देताना ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन डब्यांत भागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे पेलतं. आपल्यालाच पेलत नाही कधी कधी.

यावरून विल्यम सायबोर्न आठवतो. हा इंग्रज लेफ्टनंट. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम त्याला १८३० मध्ये मिळालं. गडी रणांगणावरच्याच एका शेतघरात आठ महिने जाऊन राहिला, चढउतार मोजले, आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं घातली: १८ जून १८१५ ला संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठं उभी होती, समोर काय दिसत होतं, शेतात पीक कुठलं होतं. सरकारनं मधेच पैसे आखडले तर यानं पदरमोड केली, कर्ज काढलं. १८३८ मध्ये लंडनला ती प्रतिकृती लोकांसमोर आली, सुमारे चारशे चौरस फुटांची, सत्तर हजारांवर शिशाचे चिमुकले शिपाई. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. पण लढाई जिंकलेल्या वेलिंग्टनच्या बाजूला ती रुचली नाही. त्या क्षणी प्रशियाचं मदतीचं सैन्य त्यात फार पुढं आलेलं दिसत होतं, मग इंग्रजांचा वाटा कमी झाला ना! शेवटी सायबोर्ननं प्रशियाचे हजारो शिपाई उचलून टाकले.

आपण घरात हेच करतो. ‘वेढ्यात एवढी माणसं कशाला? मावळे पुढं घे, छान दिसतील.’ अहो, वेढ्यात माणसं दाट दिसली नाहीत तर निसटण्याची थोरवी कशी दिसणार? मांडू द्या त्याला भरगच्च वेढा. बाहुली कमी पडली तर बुद्धिबळातली प्यादी चालतात, बटणं चालतात. देखणेपणाला मी स्वतः फार भाव देत नाही.

सायबोर्नकडून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. त्यानं सगळा दिवस मांडला नाही, एक वेळ पकडली. मुलालाही विचारा, तुझ्या देखाव्यात किती वाजलेत? राजदिंडीतून पालखी बाहेर पडतेय, की शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून सिद्दीच्या छावणीत पोचलाय, की खिंडीत झुंज लागलीय? अंगणात तिन्ही एकदम मांडलं की महाराज तीन ठिकाणी दिसतात आणि धाकटं भावंड नेमकं तेच विचारतं.

शिवा काशीद म्हटलं की दुसरी अडचण येते. तो मारला गेला, बाजीप्रभूही पडले. एका मुलानं खिंडीतल्या बाजींचं बाहुलं आडवं ठेवलं तर त्याच्या आजीनं ‘सणासुदीचं अभद्र काय मांडलंस’ म्हणून ते उभं करून ठेवलं. आजीचा जीव मी समजू शकते. तरी सांगेन, आडवं राहू द्या. सगळे मावळे तलवार उगारून उभेच राहिले तर पोरांना लढाई म्हणजे मिरवणूक वाटते. विशाळगडावरून तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत तो माणूस झुंजत राहिला असं आपण सांगतो ना, मग तोफा झाल्यावर काय झालं तेही त्याला सांगता यायला हवं. रडू आलं तर येऊ दे, जवळ घ्या.

बाकी कामाचं थोडक्यात. वसुबारसेच्या आधी पाच-सहा दिवस हळीव किंवा मोहरी पेरा. लढाई आषाढातली, त्यामुळं हिरवागार डोंगर इथं नुसती सजावट राहत नाही, तिथीला धरून आहे. फ्लॅटमध्ये असाल तर जुनी प्लायवूडची फळी पुरे, चाळणीतून चाळलेली माती वर आणा, गॅलरीतलं पाणी खालच्यांच्या वाळवणावर जाणार नाही तेवढं बघा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो, तो आणू नका. शक्य झालं तर आधी एक रविवार पन्हाळ्याला जाऊन या, झुणका-भाकरीच्या आधी राजदिंडी बघा आणि मसाई पठाराकडची वाट कुठं जाते ते मुलाला बोटानं दाखवायला सांगा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे. हे त्याला सांगितलंत तर मापं जरा जास्त काळजीनं घेईल.

आणि परीक्षक आले की तुम्ही घरात जाऊन फराळाचं बघा. चहा मला चालतो, चकली जास्त चालते. दरवाजा कुठं नि तोफ कुठं हे पोराला सांगू द्या, चुकलं तरी. विशाळगड त्यानं पन्हाळ्याच्या पूर्वेला मांडला असेल तर मी त्यालाच विचारीन, आणि तो माझ्यासमोरच उचलून पश्चिमेला नेऊन ठेवेल.