पाचजणांचं गाणं, लेबलवर एकाचंच नाव

प्रश्न : आमच्या गिटार क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ वाजवणार आहोत. सूत्रसंचालन करणारी मैत्रीण म्हणते, ‘पारंपरिक’ असं सांगू. सर म्हणतात, गाणं ‘दि ॲनिमल्स’ या बँडचं आहे. जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर तर फक्त ॲलन प्राइस हे नाव दिसतं. मग गाणं नक्की कोणाचं? आणि न्यू ऑर्लिन्समध्ये असं घर खरोखर होतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मैत्रिणीला बिनधास्त ‘पारंपरिक’ म्हणू द्या. सरही चुकीचं बोलत नाहीत, कारण तुम्ही जे वाजवणार ते ॲनिमल्सचंच. लेबलवरच्या त्या एकट्या नावाची गोष्ट मात्र जरा कडवट आहे.

ॲनिमल्स हा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा पाचजणांचा बँड. गायक एरिक बर्डन, गिटारवर हिल्टन व्हॅलेंटाइन, ऑर्गनवर ॲलन प्राइस, बासवर चॅस चँडलर आणि ड्रम्सवर जॉन स्टील. 1964च्या मे महिन्यात ते चक बेरीबरोबर दौऱ्यावर होते. बेरीपुढे रॉक अँड रोल वाजवून भाव खाणं शक्य नाही, हे या पोरांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी एक संथ, गडद लोकगीत काढलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. 18 मे रोजी दौऱ्यातूनच वेळ काढून ते लंडनच्या स्टुडिओत गेले. मिकी मोस्ट निर्माता होता. रोज रात्री वाजवून गाणं इतकं बसलेलं की पहिल्याच टेकमध्ये काम झालं.

अडचण होती लांबीची. गाणं साडेचार मिनिटांचं आणि रेडिओवाल्यांना तीन मिनिटांच्या आत उरकणारी गाणी हवी असत. अमेरिकेत सिंगल काढताना ते कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं. जुलैत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, तिथे तर तीन आठवडे टिकलं.

आता श्रेयाकडे वळू. लोकगीतावर कोणाचाच हक्क नसतो, पण त्याची नवी बांधणी करणाऱ्याला त्या बांधणीपुरतं मानधन मिळतं. म्हणून लेबलवर ‘पारंपरिक’च्या पुढे बांधणी करणाऱ्याचं नाव येतं. इथे बांधणी पाचजणांची होती, नाव छापलं एकट्या प्राइस यांचं. बाकीच्यांना सांगितलेलं कारण असं की, लेबलवर पाच नावांना जागा नाही! त्या नावाबरोबर बांधणीचे पैसेही प्राइस यांच्याकडेच गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी बँड सोडला. इतरांच्या मनातली ही सल पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

माझं मत विचाराल तर गाण्याची पहिली ओळख ऑर्गन नव्हे, गिटार आहे. तुमची बोटं हे जाणतातच. ए मायनर, सी, डी, एफ असे कॉर्ड सुटे सुटे छेडत व्हॅलेंटाइन जी सुरुवात करतो, त्यावरून गाणं दोन सेकंदांत ओळखू येतं. ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांत झुलणारा. तबल्यावर कोणी साथीला असेल तर त्याला ‘दादरा’ एवढंच सांगा, बाकी तो बघून घेईल. प्राइस यांचा ऑर्गनचा तुकडाही जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण एकाच माणसाची बांधणी? ते काही पटत नाही.

शिवाय ते कॉर्डही ॲनिमल्सच्या घरचे नाहीत. न्यूयॉर्कमधले लोकसंगीत गायक डेव्ह व्हॅन रॉन्क यांनी गाण्याला नवी कॉर्डरचना दिली होती. तरुण बॉब डिलननं तीच उचलून आपल्या 1962च्या पहिल्या अल्बममध्ये गाणं घेतलं आणि नंतर व्हॅन रॉन्क यांना विचारलं, ‘तुमच्या पद्धतीनं केलं तर चालेल ना?’ व्हॅन रॉन्क स्वतःच ते रेकॉर्ड करणार होते. पुढे श्रोते त्यांनाच डिलनचं गाणं ढापल्याबद्दल बोल लावू लागले, तेव्हा त्यांनी ते गाणंच सोडलं. मग ॲनिमल्सचं सिंगल गाजलं आणि डिलनवर तीच पाळी आली. हा किस्सा व्हॅन रॉन्क हसत हसत सांगत.

त्याच्याही मागे जायचं तर केंटकीच्या कोळसा खाणींच्या मुलखात जावं लागेल. सप्टेंबर 1937मध्ये बावीस वर्षांचा ॲलन लोमॅक्स वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं ध्वनिमुद्रित करत तिथे फिरत होता. मिडल्सबरो गावात सोळा वर्षांच्या जॉर्जिया टर्नर या खाणकामगाराच्या मुलीनं त्याच्या यंत्रापुढे हे गाणं म्हटलं. साथीला काही नाही, नुसता उघडा गळा. 1941 साली लोमॅक्सनं ते आपल्या लोकगीतांच्या पुस्तकात तिच्या नावानिशी छापलं आणि तिथून ते शहरातल्या गायकांच्या हाती गेलं. जॉर्जियाच्या पदरात मात्र नंतर किरकोळ रक्कम पडली. 1969मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत, ती गेली.

तिनंही ते रचलेलं नव्हतं. क्लॅरेन्स ॲशली हा बँजोवादक 1933मध्येच हे गाणं रेकॉर्ड करून बसला होता. आजोबांकडून शिकलो, असं तो सांगे. औषध विकायला गावोगाव फिरणारे खेळ तेव्हा अमेरिकेत असत. गाणंबजावणं करून गर्दी जमवायची आणि मग बाटल्या खपवायच्या. ॲशली अशा खेळांतून गायचा, म्हणजे गाणं किती गावं हिंडलं असेल बघा.

ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जॉर्जियाच्या तोंडी हे एका मुलीचं गाणं आहे, वाट चुकून त्या घरात अडकलेल्या मुलीचं. डिलननंही ते स्त्रीच्या तोंडीच ठेवलं. ॲनिमल्सनी गाणाऱ्याला मुलगा केलं आणि बापाला जुगारी. त्यामुळे रेडिओवर लावायला सोयीचं झालं खरं, पण ते घर म्हणजे कुंटणखाना की जुगाराचा अड्डा, हे धूसर झालं.

राहिला घराचा प्रश्न. न्यू ऑर्लिन्सचे गाईड पर्यटकांना एका फ्रेंच मालकिणीचा कुंटणखाना सांगतात. तिच्या आडनावाचा अर्थच म्हणे ‘उगवता सूर्य’. त्याला कागदोपत्री आधार नाही. कॉन्टी स्ट्रीटवर ‘रायझिंग सन’ नावाचं हॉटेल मात्र खरंच होतं. त्याची 1821ची जाहिरात सापडली आहे आणि 1822मध्ये ते जळालं. अलीकडे त्या जागी उत्खनन झालं, तेव्हा दारूच्या बाटल्यांबरोबर गालाला लावायच्या लालीच्या डब्या निघाल्या. तेवढ्यावरून तिथे काय चालत होतं ते ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

तिसरी शक्यता पुन्हा व्हॅन रॉन्क यांच्याकडून येते. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांना कोणीतरी जुने फोटो दाखवले. एकात दगडी प्रवेशद्वारावर उगवता सूर्य कोरलेला होता. इमारत कसली म्हणून विचारलं, तर बायकांचा तुरुंग! मला हीच शक्यता सर्वांत जवळची वाटते. गाण्याच्या शेवटी आगगाडीनं परत जायचंय ते पायात साखळदंड घालून घ्यायला, आणि साखळदंड कुंटणखान्यात कशाला असतील? अर्थात एका फोटोवर सगळी भिस्त ठेवता येत नाही, आणि ‘रायझिंग सन’ नावाच्या पाट्या तर इंग्लंडातल्या कितीतरी पबवरही आहेत.