‘आवडला’ आणि ‘चांगला’

रविवारी एखादा चित्रपट पाहावा आणि सोमवारी मधल्या सुट्टीत त्याविषयी भरभरून बोलावे, यासारखा आनंद विद्यार्थिदशेत क्वचितच दुसरा असेल. ‘झकास’, ‘रटाळ’, ‘डोक्यावरून गेला’ असे निकाल तेव्हा भराभर दिले जातात. घरीही मालिका संपताच वडीलधारी मंडळी असाच निवाडा करतात. या निकालांना हसण्याचे कारण नाही. कला रसिकांसाठीच असते आणि आवडनिवड हा रसिकाचा हक्कच होय. परंतु ‘मला आवडला’ हे केवळ भावनेचे निवेदन आहे. ‘तो चांगला आहे’ हे मत आहे. पहिल्यास कारण द्यावे लागत नाही, दुसऱ्यास द्यावे लागते. हा भेद कसा ओळखावा, याचा येथे थोडा विचार करू.

मत बनविताना पहिला घोटाळा होतो तो नट आणि पात्र यांच्यात. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दाखविली जात असे, तेव्हा कित्येक घरांत संचाला हार घालून लोक हात जोडून बसत. तो भक्तिभाव आदरणीयच. पण श्रीरामावरील भक्ती म्हणजे मालिकेचे मूल्यमापन नव्हे. त्याच मालिकेत मंथरेची भूमिका ललिता पवार यांनी केली होती. मंथरेचा प्रेक्षकांना राग येई. परंतु याच अभिनेत्रीने १९५९ सालच्या ‘अनाडी’ चित्रपटात वरून फणसासारखी काटेरी आणि आतून गोड अशी घरमालकीण मिसेस डीसा उभी केली आणि त्याबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘ती बाई दुष्ट आहे’ असे म्हणणारा पात्राविषयी बोलत असतो. ‘तिने मला राग आणला, तो कसा?’ असे विचारणारा अभिनयाविषयी बोलू लागतो.

दुसरी भूल पडते ती गर्दीची. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली पडद्यावर आला. भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट असूनही प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्याची गणना उत्तम भारतीय चित्रपटांत केली. म्हणजे गर्दी नेहमी चुकते काय? तसेही नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रव्यवसायातील अनेक जाणत्यांनी तो कोसळला असे सांगून टाकले होते. ज्या साध्या प्रेक्षकांनी तो पाहिला, त्यांनी इतरांना सांगितले. आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षे चालला. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) तर सामान्य जनांनीही डोक्यावर घेतला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. तेव्हा लोकप्रियता हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. ‘सगळे म्हणतात’ हे कारण होऊ शकत नाही, एवढेच.

मग कारण शोधावे कोठे? प्रत्यक्ष चित्रपटात. ‘शोले’तला गब्बरसिंग भयंकर वाटतो, असे सर्वच सांगतात. पण तो भयंकर का वाटतो? एक तर तो दिसण्याच्या कितीतरी आधीपासून इतरांच्या तोंडून त्याचे नाव आपल्या कानी येत असते. पुढे तो येतो, तेव्हाही प्रथम दिसतात ते खडकावरून चालणारे बूट आणि फरफटत जाणारा पट्टा, चेहरा नंतर. भय आपल्या मनात आधी पेरले जाते. याच चित्रपटात संध्याकाळी दिवे मालवणारी विधवा सून आणि समोर बसून तोंडाने बाजा वाजविणारा जय यांच्यात एक शब्दही बोलला जात नाही, तरी सारे काही समजते. ‘कागज के फूल’मध्ये रिकाम्या अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत पाहा, छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो आरशांच्या साहाय्याने साधला. अशी एक जागा बोटाने दाखविता आली, की आवडीचे मत होऊ लागते.

हे सारे केवळ मनोरंजनापुरते आहे, असे आम्हांस वाटत नाही. एखाद्या मुलाला संथ चित्रपट आवडतो. चारचौघे हसतील म्हणून तो गप्प बसतो, आणि पुढे दुसऱ्यांचीच मते स्वतःची म्हणून बोलू लागतो. ही सवय चित्रगृहाच्या दाराशी थांबत नाही. पुस्तक, पुढारी आणि कानावर आलेली वार्ता यांविषयीही तो तसेच बोलतो.

स्वाध्याय : पुढचा चित्रपट वा मालिकेचा भाग पाहून झाल्यावर वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. कोणती जागा मनात राहिली? ती कशामुळे साधली : अभिनय, संवाद, प्रकाश, संगीत की शांतता? आणि जे आवडले नाही, ते नेमके कोठे बिघडले? नंतर ज्यांचे मत तुमच्याहून वेगळे असेल, अशा घरातल्या आजीला किंवा दादाला हेच तीन प्रश्न विचारा, आणि त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.