प्रतिध्वनीने पाण्याचा ठाव

उमरीलगतच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. ते बंद झाले की वरच्या अंगास पाणी साठते. नावाड्याच्या ओळखीचे खडक व झाडांचे बुंधे पाण्याखाली जातात. जाळी त्यांत अडकून फाटतात, प्रसंगी नावेसही धोका पोहोचतो. अशा पाण्यात सोनार यंत्र उपयुक्त ठरते.

यंत्राचा संवेदक पाण्यात ध्वनिलहरी सोडतो व तळावरून परतणारा प्रतिध्वनी टिपतो. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,४८० मीटर असतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परतल्यास जाण्यायेण्याचे अंतर १४.८ मीटर, म्हणजेच खोली ७.४ मीटर होय. माशाच्या शरीरातील हवेच्या पिशवीवरूनही ध्वनी परततो. त्यामुळे मासा पडद्यावर उमटतो. मात्र त्याची जात कळत नाही.

संवेदक नावेच्या मागील बाजूस, इंजिनाच्या पंख्यापासून दूर, तोंड सरळ खाली राहील असा बसवावा. त्याच्याखाली बुडबुडे आल्यास चित्र पुसट होते. यंत्र संवेदकापासूनची खोली दाखवीत असल्यास, तो जितका पाण्यात बुडाला असेल तितके अंतर आकड्यात मिळवावे. प्रारंभी वजन बांधलेल्या, मीटरमीटरवर गाठी मारलेल्या दोरीने खोली मोजून आकडा पडताळणे आवश्यक आहे.

धोक्याच्या जागांची नोंद मच्छीमार संस्था व ग्रामपंचायतीने ठेवल्यास, यंत्र नसलेल्या नावांनाही तिचा लाभ होईल.