एक जुना लॅपटॉप, चार सर्व्हर आणि वायफाय

व्हर्च्युअलायझेशनची व्याख्या आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिली आहे. एका प्रत्यक्ष मशीनवर अनेक आभासी मशीन चालविणे. फायदे पाच, तोटे तीन, खाली एक आकृती, झालं! पण आपल्या वर्गात कन्नड, सिल्लोड, वैजापूर, अंबडहून आलेली अशी कितीतरी मुलं-मुली आहेत की ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला एका मशीनपुढे तिघे-चौघे बसले की कीबोर्ड ज्याच्या हातात तो शिकतो, बाकीचे जर्नल उतरवतात. मग सर्व्हर आपल्या हाताने बसवावा, मोडावा, पुन्हा बसवावा ही संधी मिळणार कधी? या लेखात मी सांगणार आहे ते याच प्रश्नाचे एक उत्तर आहे. एका जुन्या लॅपटॉपवर चार जणांना चार स्वतंत्र लिनक्स सर्व्हर, प्रत्येकाला स्वतःचा रूट पासवर्ड, आणि खर्च जवळजवळ शून्य.

जुना लॅपटॉप मिळणे आता अवघड राहिलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, त्यामुळे त्याआधीची चांगली चालणारी मशीन घरोघरी कपाटात पडून आहेत. माझ्याकडे आहे तो चौथ्या पिढीचा आय-५, दोन कोअर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. कीबोर्डची चार बटणे गेली आहेत आणि बिजागरी मोडली आहे. सर्व्हरला याचे काय! उलट लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस फुकट. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही हे सांगायला नकोच.

मात्र एक अट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती फिरतो. उस्मानपुऱ्यातील माझ्या खोलीत लॅनची वायर नाही. राउटर वरच्या मजल्यावर घरमालकांकडे. आपल्याला मिळतो तो फक्त वायफायचा पासवर्ड. भाड्याच्या खोल्यांवर राहणाऱ्या बहुतेकांची हीच परिस्थिती. मात्र व्हर्च्युअलायझेशनवरची बहुतेक पुस्तके होस्टला वायर जोडलेली आहे असे गृहीत धरून चालतात.

आधी थोडे जुने. ही कल्पना आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकातच आली होती. पीसीचा प्रोसेसर मात्र यासाठी बनलेलाच नव्हता. गेस्टने, म्हणजे आभासी मशीनने, काही नाजूक इन्स्ट्रक्शन दिल्या तर प्रोसेसर होस्टला न कळवताच त्या भलत्या तऱ्हेने पार पाडत असे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये गेस्टचा कोड चालता चालता बदलून यावर मात केली. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली, आणि तिच्यावर आधारलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२० सोबत आले. केव्हीएमची गंमत अशी की ते लिनक्सलाच हायपरव्हायजर बनवते. प्रत्येक गेस्ट ही एक साधी प्रोसेस. 'टॉप' कमांड दिली की ती यादीत दिसते! तिला डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे पुरवतो तो क्यूईएमयू. या कामात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे बरं का. होस्ट आणि गेस्टमध्ये निरोप नेणारी 'व्हर्टिओ-सिरियल' ही वाहिनी रेड हॅटसाठी पुण्यातून काम करणाऱ्या अमित शाह यांनी लिहिली. (नामसाधर्म्य, एवढेच!)

आता कामाला लागू. मराठी विभाग असल्याने कमांडची नावेही देवनागरीतच लिहितो. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत द्यायची. प्रथम बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू करा. पुष्कळ लॅपटॉपवर तो बंदच येतो. मग डेबियनची छोटी नेट-इन्स्टॉल आवृत्ती घ्या. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून वायफाय कार्डचे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते. त्याआधी ते पेनड्राइव्हवर वेगळे आणून घालावे लागायचे. कोणते सॉफ्टवेअर हवे असे विचारले जाते तेव्हा डेस्कटॉपवरची खूण काढा, एसएसएच सर्व्हरवर ठेवा. डेस्कटॉप नको म्हणजे नकोच. माझ्या होस्टवर गेस्ट चालू नसताना 'फ्री' कमांड दोनशे एमबीच्या आसपास वापर दाखवते. डेस्कटॉप घातला तर एक जीबी त्यातच जातो, म्हणजे एका मित्राचा अख्खा सर्व्हर गेला!

मग क्यूईएमयू, लिबव्हर्ट आणि व्हर्ट-इन्स्टॉल ही पॅकेजेस घ्यायची, तीही शिफारस केलेली जोडपॅकेजेस वगळून. यात एक खाच आहे. 'डीएनएसमास्क-बेस' हे पॅकेज शिफारशीतच मोडते, त्यामुळे तेही गळते. मग लिबव्हर्टचे 'डिफॉल्ट' नेटवर्क सुरूच होत नाही आणि माणूस वायफायला दोष देत बसतो. ते आवर्जून नाव देऊन घ्यावे. दुसरी खाच 'विर्श' या कमांडची. साध्या युजरने ती दिली तर ती त्या युजरच्या खासगी सेशनला जोडते आणि गेस्टची यादी रिकामी दिसते. घाबरू नका, गेस्ट जागेवर असतात; 'सिस्टिम' हा पत्ता देऊन जोडायचे आणि स्वतःला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घालायचे.

डिस्कच्या बाबतीत काटकसर करण्यासारखी आहे. एक डेबियन गेस्ट नीट बसवा आणि बंद करा. ती झाली मूळ प्रत. तिच्यावर चौघांसाठी चार क्यूकाऊ-२ फाइली करा, ज्या मूळ प्रतीपासून झालेला फरक तेवढाच साठवतात. सुरुवातीला प्रत्येक फाइल केबीमध्ये असते! मूळ प्रतीला मात्र त्यानंतर हात लावायचा नाही, नाहीतर चारही सर्व्हर एकदम बिघडतील. प्रत्येक गेस्टमध्ये होस्टनेम, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या की नव्याने बनवून घ्या. मशीन-आयडी सारखाच राहिला तर कधी कधी दोन गेस्टना एकच आयपी मिळतो. रॅमचा हिशेब सोपा आहे. चार गेस्टना एकेक जीबी, होस्टला अर्धा, उरलेले साडेतीन होस्टच्या फाइल कॅशला. शिवाय चारही गेस्ट सारखेच असल्याने कर्नलची केएसएम ही सोय चालू केली तर रॅममधली सारखी पाने एकच ठेवली जातात. थोडा प्रोसेसर खर्च होतो, पण आपल्या कामाला चालते.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. अडचण पुढे आहे.

पुस्तक म्हणते ब्रिज बनवा, त्यात नेटवर्क कार्ड घाला, गेस्टही घाला. गेस्टला राउटरकडून थेट आयपी मिळेल. वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायला गेलो की लिनक्स सरळ उत्तर देतो: ऑपरेशन नॉट सपोर्टेड. इथे बरेच जण ड्रायव्हर बदलतात, कार्ड बदलतात, यूएसबी डोंगल विकत आणतात. पैसे घालवू नका! कारण कार्डमध्ये नाही, वायफायच्या फ्रेममध्ये आहे.

इथरनेटच्या फ्रेमवर दोन मॅक पत्ते असतात: कोणाकडून आणि कोणाला. फ्रेम वायरीवर प्रत्यक्ष कोणी टाकली हे स्विच विचारत नाही. एका पोर्टमागे पाच मॅक दिसले तर तो ते पाचही लक्षात ठेवतो, आक्षेप घेत नाही. म्हणून वायरीवर ब्रिज चालतो. वायफायमध्ये लॅपटॉपकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या फ्रेमवर तीन पत्ते असतात: ॲक्सेस पॉइंट, पाठवणारा, आणि अखेर जिथे पोचायचे तो. पाठवणारा आणि हवेत सोडणारा एकच असे इथे गृहीत आहे. 'सोडतोय मी, पण आहे दुसऱ्याची' असे लिहायला रकानाच नाही. तसे गृहीत धरणे भागही आहे, कारण ॲक्सेस पॉइंटने ओळख पटवून आत घेतले ते होस्टच्या कार्डाला, एन्क्रिप्शनची की दिली ती त्याच मॅकला. आपल्या गेटवरचा वॉचमन आठवा. आयकार्ड ज्याच्या गळ्यात तो आत. 'मी यांच्यासोबत आलोय' चालत नाही. गेस्टचा मॅक घेऊन आलेली फ्रेम ॲक्सेस पॉइंट टाकून देतो, आणि त्या मॅकसाठी आलेले उत्तर हवेत सोडतच नाही, कारण त्या नावाचा कोणी त्याच्या यादीतच नसतो.

चार पत्त्यांची फ्रेमही आहे. पण ती दोन्ही टोकांना मान्य असावी लागते, आणि घरोघरी बसवलेल्या राउटरकडून तशी अपेक्षा धरू नये. कोणी म्हणेल, व्हर्च्युअलबॉक्स तर वायफायवरही ब्रिज करतो! तो खरा ब्रिज नाही. बाहेर जाताना गेस्टचा मॅक पुसून तो होस्टचा लिहितो आणि आत येताना उलट करतो.

तेव्हा आपण ब्रिजचा हट्ट सोडायचा आणि लिबव्हर्टचे डिफॉल्ट नेटवर्क वापरायचे. त्यात होस्टच्या आत एक आभासी स्विच असतो, 'व्हर्ब्र-शून्य' नावाचा, पत्ता १९२.१६८.१२२.१. गेस्ट त्याला जोडलेले. त्यांना आयपी देतो तो आधी सांगितलेला डीएनएसमास्क. बाहेर जाणारे पॅकेट होस्ट स्वतःच्या नावाने पाठवतो, यालाच एनएटी म्हणतात. पूर्वी होस्टेलवर एकच लँडलाइन फोन असायचा तसे समजा. सगळे त्याच नंबरवरून घरी फोन करत, पण बाहेरून फोन आला तर कोणाला हाक मारायची हे उचलणाऱ्याला सांगावे लागे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक प्रयोग करा. तो कोणत्याही जर्नलमधल्या प्रयोगापेक्षा जास्त शिकवतो. गेस्टमधून कुठल्याही साइटला पिंग चालू ठेवा. होस्टवर दोन टर्मिनल उघडून दोन्हीकडे 'टीसीपीडम्प' लावा, मॅक पत्ते दाखवण्याच्या पर्यायासह. एक व्हर्ब्र-शून्यवर, दुसरे वायफायवर. पहिल्यात पाठवणारा आयपी १२२ च्या घरातला आणि मॅक ५२:५४:०० ने सुरू होणारा, म्हणजे गेस्टचा. दुसऱ्यात तेच पॅकेट, पण आयपी होस्टचा आणि मॅक वायफाय कार्डाचा. वॉचमनला दिसते ते फक्त हे दुसरे.

बाहेरून गेस्टमध्ये शिरण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम लिहिता येतात, पण मला त्याहून सोपा मार्ग आवडतो. २०१६ च्या ओपनएसएसएच ७.३ पासून एसएसएचला कॅपिटल 'जे' हा पर्याय आहे. आधी होस्टवर, तिथून उडी मारून गेस्टवर, सगळे एकाच कमांडमध्ये. गेस्टवरची वेबसाइट बघायची असेल तर कॅपिटल 'एल' देऊन तिचे पोर्ट आपल्याकडे ओढता येते. संध्याकाळी आम्ही चौघे खोलीवर बसतो तेव्हा दोघांकडे लॅपटॉप नसतो. ते मोबाइलवर टर्मक्स ॲप आणि ओटीजीने जोडलेला कीबोर्ड वापरून आपापल्या सर्व्हरवर असतात. गेल्याच आठवड्यात त्यातल्या एकाने आपल्या गेस्टची राउटिंग टेबल पूर्ण पुसून टाकली आणि अर्ध्या तासात स्वतःच उभी केली. लॅबच्या मशीनवर त्याला हे कोणी करू दिले असते?

आता किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून 'लॉगइनडी'च्या सेटिंगमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांगा. टाइप केलेली अक्षरे एसएसएचवर अडखळत येत असतील तर 'आयडब्ल्यू' कमांडने वायफायची पॉवर सेव्हिंग बंद करा. घरमालकांना विनंती करून राउटरमध्ये होस्टचा आयपी कायम करून घ्या, एकदाचेच काम असते. होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर मात्र हे करण्याआधी नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना विचारा. एनएटीमागे चार मशीन ठेवणे नियमात बसत नसेल, आणि पुष्कळ ठिकाणी एका मोबाइलला दुसरे मशीन दिसूच नये अशी सेटिंग असते. मग एसएसएच होस्टपर्यंतच पोचणार नाही.

आणि लाइट गेली तर? राउटर बंद, वायफाय बंद, इंटरनेट बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो. व्हर्ब्र-शून्य हा स्विच होस्टच्या मेमरीत आहे, त्याचा वायफायशी संबंध नाही. चारही गेस्ट एकमेकांशी बोलत राहतात. लॅपटॉपसमोर बसून 'विर्श कन्सोल' दिले की कुठल्याही गेस्टमध्ये जाता येते. गेस्टमध्ये सिरियल लॉगइन आधीच चालू करून ठेवले असेल तर, एवढेच.